नाव ठेवायला जागा नाही

उंबरगव्हाण म्हणून एक गाव होतं. त्या गावात गेणू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "गेणू, जरा कान दे," तर हा कान पुढं करून उभा राहायचा आणि विचारायचा, "परत कधी देणार?" बाकी माणूस लाखात एक. कामाला कधी नाही म्हणायचा नाही, खोटं बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. सांगाल ते ऐकायचा. खोट एवढीच, की सांगाल तेवढंच ऐकायचा.

गेणूचा थोरला भाऊ ट्रकवर असायचा, महिना महिना घरी नाही. घरात म्हातारे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, आणि भावाची बायको सुगंधावहिनी. वहिनी हुशार होती. गोठ्याला लागून एक खोली होती, तिथं तिनं छपाईचं यंत्र बसवलं होतं. कप म्हणा, टोपी म्हणा, पिशवी म्हणा, सदरा म्हणा, त्यावर तुम्ही सांगाल ते नाव नाहीतर चित्र छापून द्यायची. आणि दुकान कुठं? तर मोबाइलमध्ये. तिकडं एक मोठा बाजार भरतो, तोही मोबाइलमधलाच. त्यात वहिनीचं दुकान. लोकांनी घरबसल्या बघायचं, काय छापायचं ते लिहून पाठवायचं, वहिनीनं छापून धाडून द्यायचं.

आप्पांना हे काही पटत नव्हतं.

"दार नाही, फळी नाही, बसायला बाकडं नाही. हे कसलं गं दुकान?"

खरी गोष्ट वेगळीच होती. म्हैस व्यायला झाली होती आणि आप्पांना ती खोली हवी होती.

"सूनबाई, चाललं तर चालव," आप्पा म्हणाले. "बंद पडलं, की त्याच दिवशी यंत्र तुझ्या माहेरी आणि म्हैस आत."

"चालेल, मामंजी," वहिनी म्हणाली.

म्हैस काही म्हणाली नाही. पण रोज त्या खोलीकडं तोंड करून रवंथ करायची.

काम वाढलं. वहिनीला एकटीला उरकेना. ती गेणूला म्हणाली, "भावजी, माझ्या हाताखाली याल का?"

"येतो की," म्हणून गेणू आला आणि वहिनीच्या हाताखाली वाकून उभा राहिला.

"अहो, हाताखाली म्हणजे मदतीला!"

"मग तसं सांगा ना."

वहिनीनं त्याला मोबाइल दाखवला. "हे आपलं दुकान. हे वरचे तारे दिसतात ना? गिऱ्हाईक खूश झालं की पाच तारे देतं. चिडलं की एक. तारे फार कमी झाले, तर तो बाजार चालवणारे आपलं दुकान उतरवतील. मग ते कुणालाच दिसायचं नाही."

"म्हणजे बंद?"

"बंद. यंत्र माहेरी आणि म्हैस आत. आणि हे खाली लाल बटण आहे ना, त्यावर लिहिलंय बघा, 'दुकान उतरवा'. ते दाबलं की आपलंच दुकान आपण उतरवलं, परत लावता यायचं नाही. मी सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

"बरं, वहिनी," गेणू म्हणाला, आणि त्यानं उपरण्याला एक गाठ मारली.

त्याची ती सवय होती. ध्यानात ठेवायचं काही असलं, की उपरण्याला गाठ. गाठ हाताला लागली की त्याला गोष्ट आठवायची.

पहिली मागणी आली एका मुलीची. तिला आईच्या वाढदिवसाला कप हवा होता.

वहिनी म्हणाली, "भावजी, जे लिहून आलंय ते बघा आणि जसंच्या तसं छापा. काना हलता कामा नये, मात्रा हलता कामा नये."

"बरं, वहिनी." गेणूनं गाठ मारली.

लिहून आलं होतं ते त्यानं पाहिलं. जसंच्या तसं छापलं. कप गेला. चार-सहा दिवसांनी कपाचा फोटो परत आला. त्यावर गोल गोल, सुबक अक्षरांत छापलेलं होतं, 'आईचं नाव छापा शकुंतला अक्षर गोड काढा घाई आहे.'

खाली मुलीनं लिहिलं होतं, 'आई विचारतेय, कसली घाई आहे?'

वहिनीनं कपाळाला हात लावला. "भावजी, लोक नावं ठेवायला लागले आपल्याला!"

"ठेवू द्या की. काय ठेवलं?"

"एक तारा!"

"तारा," गेणू म्हणाला. "नाव चांगलंय."

वहिनीनं एक मोठा श्वास घेतला. "असं बघा. लोक चार गोष्टी लिहितात. त्यातलं कामाचं तेवढं ठेवायचं, बिनकामाचं गाळायचं. कळलं?"

"कामाचं ठेवायचं, बिनकामाचं गाळायचं. बरं, वहिनी." गाठ.

दुसरी मागणी गावातल्याच अण्णा वाणींच्या मुलाची. तो शहरात असायचा. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याला उशीचा अभ्रा हवा होता. त्यानं नेटकंच लिहिलं होतं, 'अण्णा आणि माई, सुखाचा संसार.'

गेणू बराच वेळ विचार करत बसला. माई पहाटे उठते. पाणी भरते, सडा घालते, भाकऱ्या थापते, शेळीला पाला आणते. आणि अण्णा? अण्णा पारावर बसतात. ऊन आलं की सावलीत सरकतात. सावली सरकली की परत तिच्या मागं सरकतात.

गेणूच्या हाताला गाठ लागली. त्यानं अभ्र्यावर छापलं, 'माई.'

तासाभरात अण्णा अभ्रा घेऊन दारात. पन्नास वर्षांत एवढे भराभर चालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"गेण्या, माझं नाव कुठं गेलं?"

"गाळलं, अण्णा."

"का गाळलं?"

"बिनकामाचं गाळायचं असं वहिनी म्हणाल्या."

अण्णांच्या मागं माई आली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मुलानं दोन तारे दिले. दोन्ही माईनं सांगितले म्हणून.

वहिनीनं अण्णांना चहा पाजला, हात जोडले. ते गेल्यावर म्हणाली, "भावजी, दोन नावं आली की दोन्ही छापायची हो! मधे छान लाल बदाम काढायचा. जोडी कधी फोडायची नाही."

"दोन नावं आली की दोन्ही. मधे बदाम. बरं, वहिनी." गाठ.

मग गावात सरपंचाची निवडणूक लागली. एकीकडून रंगराव ढोबळे, दुसरीकडून भिकाजी कुदळे. दोघांची शेतं शेजारी शेजारी आणि मधल्या बांधावरून वीस वर्षं बोलणं बंद. रंगरावांनी आपल्या नावाच्या टोप्या मागवल्या. त्याच दिवशी भिकाजींनीही आपल्या नावाच्या मागवल्या.

वहिनी तेव्हा आजारी मावशीला बघायला गेली होती. गेणूनं मोबाइल पाहिला. दोन नावं आली होती.

त्यानं उपरणं चाचपलं. सगळ्या टोप्यांवर झकास छापलं. रंगराव, मग लाल बदाम, मग भिकाजी. अर्ध्या इकडं दिल्या, अर्ध्या तिकडं.

आता टोपीचं असं असतं, की जो घालतो त्याला ती दिसत नाही. मिरवणुकीच्या घाईत कुणी पाहिलंच नाही. इकडून रंगरावांची माणसं निघाली, तिकडून भिकाजींची. चावडीपाशी दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या. सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्याकडं पाहिलं. बँडवाला परगावचा होता. त्यानं रंगराव वाचलं, बदाम पाहिला, भिकाजी वाचलं, आणि वरातीची धून धरली.

रंगराव तरातरा वहिनीच्या दारात आले. वहिनी नुकतीच एसटीतून उतरली होती.

"सुगंधा! अगं, त्या भिकाजीशी माझं लग्न लावतेस का काय?"

गेणू म्हणाला, "नाही हो, काका. आम्ही नुसता बदाम काढला. लग्नाचं तुमचं तुम्ही बघा."

मागोमाग भिकाजीही आले. वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच सुरात बोलले. एवढी गोष्ट सोडली, तर त्या दिवशी चांगलं काहीच झालं नाही.

संध्याकाळी बाजार चालवणाऱ्यांचा निरोप आला, 'आणखी एक तक्रार आली, तर आपलं दुकान उतरवण्यात येईल.'

आप्पांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला. मग आठवडी बाजारात गेले आणि म्हशीसाठी नवं दावं घेऊन आले. येताना शीळ घालत होते.

वहिनी खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. यंत्रावरची धूळ पदरानं पुसत होती. पुसलेलीच जागा परत परत पुसत होती. गेणूला ते बघवेना.

"वहिनी, माझं चुकतं का हो कुठं?"

वहिनी त्याच्याकडं बघून हसली. "नाही, भावजी. माझंच सांगायचं चुकतं."

आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. मोठी मागणी होती. तालुक्याच्या थोरव्यांकडं नातीचं बारसं होतं. पाहुण्यांना वाटायला कापडी पिशव्या हव्या होत्या. कोपऱ्यात एक फूल आणि मधे बाळाचं नाव. बाळासाठी एक झबलंही हवं होतं.

वहिनी उठून उभी राहिली. "भावजी, देवानं एक संधी दिली! नीट ऐका. बाळाचं नाव आत्यानं कानात सांगेपर्यंत गुपित असतं. म्हणून ते बारशाच्या सकाळी आपल्याला फोनवर सांगणार आहेत. तोवर तुम्ही पिशव्यांवर फुलं छापून ठेवा. झबलं मी करते. पहिल्या एसटीनं झबलं घेऊन मी पुढं जाईन, मोबाइल तुमच्यापाशी ठेवीन. नाव आलं की छापा आणि टेम्पोनं पिशव्या घेऊन या. आणि भावजी, मी हात जोडते, या खेपेला नाव ठेवायला जागा राहता कामा नये."

"जागा राहता कामा नये?"

"एवढीसुद्धा नाही! आजी असो नाहीतर आत्या, तिथं कुणालाच नाव ठेवायला जागा मिळता कामा नये. नाहीतर संपलं आपलं दुकान."

"बरं, वहिनी," गेणू म्हणाला. त्यानं घट्ट गाठ मारली. दातांनी ओढून मारली.

मग तो कामाला लागला. कोपऱ्यात एक फूल छापलं. पाहतो तो मधे केवढी जागा! तिथं कुणीही नाव ठेवलं असतं. त्यानं मधे शेवंती छापली. शेवंतीच्या बाजूला झेंडू. झेंडूच्या वर जास्वंद. जिथं जिथं पांढरं दिसलं, तिथं तिथं जाई, जुई, मोगरा. वहिनी शेजारी झबल्यावर वाकून बसली होती. तिनं डोकं वर काढून पाहिलं तेव्हा एकच पिशवी वर होती आणि तीही घडी घातलेली. "फुलं सुरेख आलीत हो," ती म्हणाली.

बारशाच्या सकाळी वहिनी पुढं गेली. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. बाळाचे वडील बोलत होते. मागं बाळ टाहो फोडून रडत होतं.

"कोण? छपाईवाले का? पिशव्या कशा झाल्यात?"

"नाव ठेवायला जागा नाही," गेणू म्हणाला.

"वा! एवढ्या झकास?"

"नखाएवढी जागा नाही."

"शाब्बास! बरं, मग नाव सांगू?"

"अहो, नाव ठेवायला जागाच नाही म्हणतो ना."

"काय म्हणता? ऐकू येत नाही हो, बाळ सकाळपासून रडतंय. नाव मृण्मयी! मृण्मयी! लवकर या!"

गेणूनं पिशव्यांचे खोके टेम्पोत भरले आणि निघाला. वाटेत त्याला घाम फुटला. पिशव्यांवर जागा नाही हे खरं. पण तिथं आत्या असेल, आणि आत्या पिशवीवर थोडीच नाव ठेवणार? ती बाळाला ठेवणार.

थोरव्यांच्या घरी माणसांची दाटी. मधोमध पाळणा सजवलेला. बाळ रडून रडून लाल झालेलं. आजीनं झोका दिला, मामानं खुळखुळा वाजवला, कशानं थांबेना. बायका पाळणा म्हणत होत्या, पण रडण्यापुढं ऐकू कुणाला येतंय! आत्या उठली आणि पदर सावरून पाळण्याकडं निघाली.

गेणूनं ते पाहिलं. कुणालाच जागा मिळता कामा नये! त्यानं धावत जाऊन एक खोका पाळण्याच्या उशाला ठेवला. दुसरा पायथ्याला. तिसरा या अंगाला, चौथा त्या अंगाला, वर आणखी रचले. तरी एक फट राहिली. गेणूनं इकडं तिकडं पाहिलं. खोके संपले होते. मग त्या फटीत तो स्वतःच जाऊन बसला.

लोकांना वाटलं, तालुक्यात नवी पद्धत आली असेल. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सज्ज झालेल्या बायकांनी ठरल्याप्रमाणे सुरू केलं, "कुर्रर्र..."

आत्या खोक्यांवरून वाकली. पाळण्याजवळ भलतंच डोकं दिसलं. "अगं बाई! कोण रे मेल्या तू?"

गेणूनं मान खाली घातली होती. त्याचं तोंड नेमकं बाळाच्या कानाशी होतं.

"गेणू," तो म्हणाला.

घरात एकदम सामसूम झाली. कारण बाळ रडायचं थांबलं होतं. त्यानं डोळे मोठे केले, गेणूच्या उपरण्याची एक गाठ मुठीत धरली, आणि बोळकं पसरून हसलं.

वहिनी मागं बायकांत उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग थोरव्यांची म्हातारी आजी बोलली, "कानात पहिलं पडलं ते पडलं. कागदावर मृण्मयी लिहा. घरात मात्र पोरगी गेणू."

सगळं घर हसलं. आत्यासुद्धा हसली, पण उशिरा. खोके उघडले. पिशव्या निघाल्या, नुसत्या फुलांनी भरलेल्या. बायकांच्या त्यावर उड्या पडल्या.

"हे बरं केलं," एक जण म्हणाली. "बाजारहाटाला नेता येईल. लोकांच्या पोराचं नाव मिरवत कोण हिंडतंय?"

थोरव्यांनी तिथल्या तिथं मोबाइल काढला. पाच तारे दिले, आणि खाली लिहिलं, 'नाव ठेवायला जागा नाही.'

दोघं घरी आली ती उड्या मारतच म्हणायची. तोवर फुलांच्या पिशव्यांच्या मागण्यांवर मागण्या यायला लागल्या होत्या. बारशाला आलेल्या प्रत्येकीला अजून दोन-दोन हव्या होत्या. बाजारवाल्यांचाही निरोप आला, 'आपलं दुकान यापुढं सर्वांत वर दिसेल.'

आप्पांनी तो निरोप एकदाच वाचून घेतला. नवं दावं खुंटीला अडकवलं. म्हैस तोंड फिरवून बसली.

वहिनीनं पुरण शिजवलं. कणकेत दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि तिचं आपलं चाललं होतं, "बाई बाई, एवढे तारे! एवढं गिऱ्हाईक! नजर लागेल हो कुणाची." मग तिनं आतूनच हाक मारली, "भावजी! दिवे लागायच्या आत तेवढं उतरवा हो!"

गेणू ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. "उतरवू?"

"उतरवा! माझे हात कणकेत आहेत, नाहीतर मीच उतरवलं असतं."

"तुम्ही सांगताय ना, वहिनी?"

"मी नाही तर कोण सांगणार? एवढ्या दुकानाला नजर लागल्यावर उतरवणार का मग?"

गेणूनं उपरणं पुढं घेतलं. गाठी चाचपत चाचपत अगदी पहिल्या गाठीपाशी आला. मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. वहिनींनी तर सांगितलं होतं. त्यानं गाठ सोडली आणि लाल बटण दाबलं. मोबाइलनं विचारलं, 'नक्की उतरवायचं?'

गेणूला या खेपेला चूक करायची नव्हती. तो ओरडला, "वहिनी, नक्की का म्हणून विचारतोय!"

वहिनीला वाटलं, विचारतोय म्हणजे आप्पाच. ती म्हणाली, "नक्की म्हणावं! त्यांचा विश्वास नसला तरी माझा आहे!"

गेणूनं 'नक्की' दाबलं.

थोड्या वेळानं वहिनी पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर आली. उंबऱ्यात थांबली. नाक वर करून वास घेतला.

"बघा, भावजी! मिरच्या जळाल्या आणि ठसकासुद्धा नाही. केवढी नजर लागली असेल माझ्या दुकानाला! उतरवलंत ना नीट?"

"उतरवलं. एका बोटात उतरलं."

"एका बोटात? आणि मीठ-मिरच्या?"

"मिरच्या कशाला?" गेणूनं मोबाइल तिच्यापुढं धरला. "मिरच्या कुठं मागितल्याच नाहीत त्यानं."

वहिनीनं वाचलं. ताट हळूच खाली ठेवलं. आप्पांनी खुंटीवरचं दावं काढलं. म्हैस कुणी न हाकता आपली आपण उठली आणि खोलीत जाऊन उभी राहिली.

एक मात्र खरं. त्या दिवसापासून सुगंधावहिनीच्या दुकानाला कुणाची म्हणून नजर लागली नाही. लागायला आधी दिसायला तर हवं!